रागदारीचाही ताळेबंद मांडा



सध्या एक शब्द फार चालतोय. पोचवणे. शास्त्रीय संगीत खेड्यापाड्यांत पोचवायचं, वस्तीत पोचवायचं, मोबाईलवरून तळागाळापर्यंत पोचवायचं. कुणी ॲप काढतो, कुणी चॅनल काढतो, कुणी मैफल थेट फोनवर दाखवतो, आणि प्रत्येकाच्या पत्रकात हा शब्द असतोच. आपली ह्या शब्दाशी जुनी ओळख आहे. आपल्याकडे शिक्षण पोचवणारे आले, स्वच्छता पोचवणारे आले, देव पोचवणारे तर पिढ्यान्‌पिढ्या येतच होते. पोचवणारा वर असतो, ज्याला पोचतं तो खाली असतो. परतीच्या गाडीत काय भरून जातं, हे कुणी विचारत नाही.

मी विचारतो. पण आधीच सांगून ठेवतो, मी रागदारीचा दुश्मन नाही. आपल्यातलेच काही दोस्त म्हणतात, ते बामणाचं गाणं, आपल्याला काय करायचंय त्याचं? मला त्यांच्याशीही भांडायचंय आणि पोचवणाऱ्यांशीही. मी गोदी कामगार. दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. कविता करतो. स्वरलिपी वाचता येत नाही, गाण्याची एकही परीक्षा दिलेली नाही. पण कान आहेत, आणि कानाला अजून कुणी सर्टिफिकेट लावलेलं नाही.

पहिल्यांदा मोबाईलचं कौतुक करू, कारण ते खरं आहे. आपल्यापैकी किती जण तिकीट काढून मैफलीला गेलेत? तिकिटाचे पैसे एक वेळ जमवता येतात. दारातली दुसरी अडचण मोठी. कुठं बसायचं, मान कधी हलवायची, दाद कधी द्यायची, कुठल्या जागेला हसायचं. आपण चुकीच्या ठिकाणी 'वा' म्हणालो की पुढच्या रांगेतली मान मागं वळते. ती वळलेली मान आपण शाळेत पाहिलेली असते, हॉटेलात पाहिलेली असते, भाड्यानं खोली बघायला गेल्यावर पाहिलेली असते. फोनला मान नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि ज्या पोराच्या बापानं कधी मैफलीच्या मंडपाचा पडदा बाजूला सारला नाही त्याच्या खिशात केसरबाई केरकर येऊन बसल्या. त्याच वर्षी २६ जानेवारीला आकाशवाणीनं 'रागम' ही चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी काढली, तीही फोनवर ऐकायची सोय झाली. हे लहान काम नव्हे.

अजून एक गंमत सांगतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढं कित्येक वर्षं रात्र-रात्र चालायचा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर कर्णे बंद. नियम चांगला आहे, झोपणाऱ्याला झोपू द्यावं. पण त्यामुळं मध्यरात्रीचा राग मध्यरात्री मंडपात ऐकायची सोय गेली. राग वेळेवर ऐकावा असं शास्त्र सांगतं ना? मग आज मालकंस त्याच्या वेळेला कोण ऐकतो? रात्रपाळीचा वॉचमन. इस्पितळातला वॉर्डबॉय. गोदीत पाळी सुटल्यावर पहिल्या लोकलची वाट बघणारा मजूर. शास्त्राचा नियम पाळायला शेवटी आम्हीच उरलो.

आता फोनचं खोटं. त्याच्या स्पीकरमधून डग्गा येत नाही. तानपुऱ्याचा खर्ज येत नाही. खालचा सगळा आवाज गळून पडतो आणि वरचं तेवढं कानाला लागतं. ह्या देशात खालचे गळून पडणं आपल्याला नवीन नाही, पण गाण्यात ते झालं की गाणं लंगडं होतं. आलाप रंगात येतो आणि मध्येच साबणाची जाहिरात घुसते. आणि शोधायला जाल तर 'झोप येण्यासाठी', 'मन शांत करण्यासाठी' अशा पाट्या लावून राग विकायला ठेवलेले. मला झोपायचं असेल तर पाळी संपल्यावर गोणीवरही झोप लागते. मला जागं राहायला गाणं हवंय.

यंत्र आलं की गाणं बदलतं हे आजचं नाही. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांसाठी गायली. तीन मिनिटांत सगळं बसवायचं. शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत ठासून सांगायची, कारण तबकडी जर्मनीत छापली जायची आणि तिथल्या माणसाला कळायला पाहिजे की हे गाणं कुणाचं. हा नाव सांगण्याचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढं रेडिओ आला. १९४० साली आकाशवाणीनं पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. आपल्या जलशांचा, कव्वालीच्या पार्टीचा सगळा डोलारा ज्या पेटीवर उभा, ती सरकारच्या लेखी बेसूर. १९५२ साली बाळकृष्ण केसकर मंत्री झाले आणि त्यांनी रेडिओवरची सिनेमाची गाणी आवळून शास्त्रीय संगीत वाढवलं. लोकांना सुधारायला निघाले होते. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. केसकर हे ह्या धंद्यातले मोठे पोचवणारे. वरून ओतलं म्हणजे खाली मुरतंच असं नाही.

मुरण्याचं नाव निघालं म्हणून आता नगर तालुक्यात चला, हिवरे बाजारला. माझं आजोळ त्या अंगाला, त्यामुळं जाणं झालं. पण मी तुम्हाला नेतोय ते पाण्यासाठी. हे गाव पोपटराव पवारांचं म्हणून ओळखलं जातं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. १९९५ साली १८२ कुटुंबांतली १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली, श्रमदान केलं, आणि आता बसगाड्या भरून लोक गाव बघायला येतात. हे सगळं तुम्ही पेपरात वाचलेलं आहे. माझ्या मनात त्यातल्या दोनच गोष्टी राहिल्या.

एक, शेतीसाठी बोअर मारायचं नाही. कारण साधं आहे. ज्याच्याकडे पैसा तो खोल-खोल जातो आणि शेजाऱ्याची उथळ विहीर कोरडी पडते. वरची जमीन त्याची असेल, खालचं पाणी त्याच्या एकट्याचं नाही. दुसरी गोष्ट, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, किती मुरला, माणसांना प्यायला किती, जनावरांना किती, उरलं तर कुठलं पीक घ्यायचं. ऊस नाही, केळी नाही. हिशेब सगळ्यांच्या देखत.

मी ह्या गावाची आरती ओवाळत नाही. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी जमीनवाल्याला जास्त लागते की चार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला, हे आपण विचारलंच पाहिजे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. पण ताळेबंद ही चीज मी उचलली. तसा पाण्याचा हिशेब आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडला तोच मांडला. तळं नगरपालिकेचं, सगळ्यांचं, मग आम्हाला बंदी कुणाच्या हुकमानं?

रागदारी हे असंच जमिनीखालचं पाणी आहे. कुठून कुठून मुरत आलेलं. वरच्या जमिनीवर ज्यांचे सातबारे त्यांनी खोल बोअर मारले, घराणं नाव दिलं, परंपरा नाव दिलं, आणि आता मोबाईलचा नळ लावून म्हणतात, घ्या, तुमच्यापर्यंत पोचवलं. बरं. मग ताळेबंद मांडू या. आधी जमेची बाजू. ह्या पाण्यात भर कुणी घातली?

तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. ती ताणायला वादी लागते, तीही कातड्याची. कातडं कमावायचं काम कुणाच्या गळ्यात बांधलं होतं हे ढोर-चांभारांच्या वस्तीत वाढलेल्याला सांगायला नको. कातड्याला हात लावला म्हणून विटाळ, आणि त्याच कातड्यावर बोट ठेवून 'धा' काढला की नादब्रह्म! हे ब्रह्म कुणाच्या रांजणात, चुन्याच्या कुठल्या वासात भिजत पडलं होतं ते कुठल्याही ॲपवर लिहिलेलं नसतं. गायकाचं नाव असतं, तबलजीचं असतं, प्रायोजक बँकेचं तर मोठ्या अक्षरात असतं.

तानपुऱ्याचा भोपळा भीमेकाठी पिकतो, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला. मिरजेत त्याचा तानपुरा होतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. मंगळवेढं म्हणजे तेच, जिथं गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून चोखोबा मेले. त्या चोखोबांचा अभंग जितेंद्र अभिषेकींनी गायला. त्यांच्या बायकोचा, सोयराबाईचा, किशोरी आमोणकरांनी गायला. सभागृह डोळे मिटून ऐकतं. देवळाच्या पायरीबाहेर ठेवलेल्या बाईचे शब्द थेट गाभाऱ्यात गेले. बाईची जात अजून बाहेरच उभी आहे.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्या गोव्याच्या देवळांना बांधलेल्या कलावंत घरांतल्या. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ. आणि अल्लादियाखाँना कोल्हापुरात आश्रय कुणाचा? शाहू महाराजांचा. आरक्षण देणाऱ्या शाहूंचा. मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर. आता सांगा, हे गाणं फक्त बामणाचं म्हणून सोडून देणार? १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं आकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या आहेत, त्यात भारतातलं एकच गाणं, केसरबाईंचं. देवदासीपणाच्या साखळीतून निघालेला आवाज सूर्याच्या हद्दीबाहेर गेला. कुठल्या मोबाईल कंपनीनं कुणाला एवढं लांब पोचवलंय?

गंगूबाई हनगल १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधींसमोर स्वागतगीत म्हणायला गेल्या तेव्हा शाळकरी पोर होत्या. आपल्या जातीमुळं जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला लावतील की काय, ह्याच धाकात त्या होत्या, असं त्यांनीच पुढं सांगितलं. ज्या गळ्यासाठी नंतर पद्मविभूषण दिलं, तो गळा त्या दिवशी उष्ट्या पत्रावळींच्या भीतीनं सुकला होता.

आणि 'आपल्याला काय करायचंय' म्हणणाऱ्या दोस्तांना आणखी एकच सांगतो. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. घटना लिहिलेला हात गजावर फिरवत होते. त्यांना कुणी विचारलं नाही हे वाद्य कुणाचं म्हणून.

ही झाली जमा. आता खर्चाची बाजू. ह्या पाण्यातून आपल्याला किती मिळालं? ऐकायला भरपूर, ते मी कबूल केलं. शिकायला?

मी एका क्लासमध्ये गेलो होतो. नाव सांगत नाही. बाई सभ्य होत्या, चहा दिला. मग विचारलं, "घरात गाणं आहे का?" मी म्हटलं, आहे, दोन पिढ्या. आजोबा जलशात पेटी वाजवायचे, बाप भीमजयंतीला गातो. बाई हसल्या. म्हणाल्या, "तसं गाणं नाही हो." आडनाव विचारायची गरजच पडली नाही बघा. हा प्रश्न आडनावाचं काम चोख करतो. माझ्या बापाची भैरवी त्यांनी ऐकली असती तर रागाचं नाव त्यांना सांगता आलं असतं, बापाला सांगता आलं नसतं. एवढाच फरक. सूर तेच होते.

इथं मोबाईल खरा उपयोगी पडला असता. टाळेबंदीत, २०२०च्या मार्चनंतर, गुरू लोक फोनवर आले. झूमवर न्यू जर्सीच्या पोरांना शिकवू लागले, डॉलरमध्ये फी. ते चूक नाही, त्यांनाही पोट आहे. पण समुद्र ओलांडणाऱ्या त्या लहरीला माहीमची खाडी ओलांडून धारावीत जायला काय अडचण येते? नगरच्या समाजकल्याण होस्टेलात जायला काय अडचण येते? तिथल्या पोरांकडेही फोन आहे. तानपुऱ्याचा खर्च नको, तबलजीचा नको; तानपुरा आणि ठेका दोन्ही फोनवर वाजवणारी ॲपं आहेत, त्यातलं नावाजलेलं आयतबलाप्रो एका मराठी माणसानं, प्रसाद उपासनींनी केलंय. सगळं आहे. नाही ते एवढंच की पोचवणाऱ्याला श्रोते हवेत, शिष्य नकोत. श्रोता टाळ्या वाजवून घरी जातो. शिष्य एक दिवस शेजारी बसतो, आणि त्याच्या पुढच्या दिवशी समोर.

सगळे सारखे नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. पुण्याची बैठक फाउंडेशन मोबाईलवर विसंबून न राहता शाळाशाळांत कलाकार घेऊन जाते. पोर समोर बसून प्रश्न विचारू शकतं, ते मला पटतं. आणि मद्रासकडे टी. एम. कृष्णा म्हणून कर्नाटक गायक आहे. जन्मानं ब्राह्मण. २०१४ पासून कोळ्यांच्या वस्तीत, ऊरूर ओल्कॉट कुप्पममध्ये उत्सव भरवण्यात तो पुढं होता. तिथं रागदारीच्या बरोबरीनं वस्तीची कलाही मंचावर. २०१६ साली त्याला मॅगसेसे मिळालं. २०२० साली त्यानं मृदंग बनवणाऱ्या, बहुतेक दलित ख्रिस्ती, कारागिरांवर पुस्तक लिहिलं. 'सेबास्टियन अँड सन्स'. कातडं कुणाचं, हात कुणाचे, नाव का नाही? प्रकाशन कलाक्षेत्रात ठरलं होतं, आयत्या वेळी संस्थेनं परवानगी काढून घेतली. गाणं वस्तीत नेलं तोवर कौतुक झालं. कातड्याचा हिशेब मांडला आणि दार बंद. आमच्या मराठीत तबला बनवणाऱ्यांचं असं पुस्तक कुणी लिहिलंय का, ते दाखवा.

आता त्याच नगर जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावी चला. त्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, गावकुसं तीच आहेत. शिर्डी, १६ मे २०१५. नर्सिंग शिकणारा आपला एक पोरगा लग्नाला म्हणून आला होता. दारूच्या दुकानात दोस्तांबरोबर बसला असताना त्याचा फोन वाजला. रिंगटोन भीमगीताची. बंद कर म्हणाले. बाचाबाची झाली. त्याला तिथून उचलून नेला आणि जिवानिशी मारला. पोलिसात दाखल झालेली हकीकत ही अशी. त्याचं नाव तुम्हाला पाठ आहे, मी इथं ते शोभेला लावत नाही.

मोबाईल आणि संगीत ह्यावर परिसंवाद भरतात तेव्हा ह्या रिंगटोनचा विषय निघतो का? यमनची रिंगटोन लावली म्हणून कुणाला ठेचल्याचं मी ऐकलेलं नाही. एकाच यंत्रातून दोन गाणी वाजतात. एक पोचवण्यासाठी अनुदान, प्रायोजक, पत्रकार परिषद. दुसरं आपोआप पोचतं, कुणाच्या मेहेरबानीशिवाय. लग्नात, रिक्षात, वडापच्या जीपमध्ये. आधी कॅसेटवरून पोचलं, मग मेमरी कार्डावरून, आता फोनवरून. वामनदादा कर्डकांना कुठल्या महोत्सवानं पोचवलं नाही, ते पायी पोचले. आणि हे गाणं पोचतं म्हणूनच ते वाजलं की कुणाच्या तरी कपाळाची शीर उठते. शास्त्रीय गाण्याचे जाणकार सुरांची बाजू घेतात असं म्हणतात. त्या आठवड्यात ह्या सुरांच्या बाजूनं कुणी तंबोरा खाली ठेवल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

म्हणून पोचवणाऱ्यांकडे माझं मागणं सोपं आहे, हिवऱ्याच्या ग्रामसभेसारखं उघड्यावर मांडण्याजोगं. आकाशवाणीच्या कोठारातली ध्वनिमुद्रणं जनतेच्या पैशानं झाली. आमच्या आजोबांनीही रेडिओचं लायसन भरलं होतं. प्रसारभारती त्यातलं थोडंथोडं यूट्यूबवर टाकते, तेवढ्यावर भागत नाही. सगळं फोनवर खुलं करा, फुकट, मध्ये साबण न विकता. प्रत्येक मुद्रणाखाली गायकाबरोबर वाद्य बनवणाऱ्याचंही नाव येऊ द्या. गौहरजानला जर्मनीतल्या छापणाऱ्यासाठी नाव ओरडावं लागलं. तुम्हाला तर फक्त टाईप करायचंय. त्याच ॲपवर, त्याच पानावर वामनदादा, प्रल्हाद शिंदे, विलास घोगरे येऊ द्या. 'लोकसंगीत' नावाच्या मागच्या खोलीत नकोत. हलगीचा ठेका तबल्याच्या ठेक्याइतक्याच नीट मात्रा मोजून समजावून सांगा. आणि जे गुरू झूमवर शिकवतात त्यांनी आठवड्याचा एक तास होस्टेलच्या पोरांना द्यावा. घरात गाणं आहे का, हे न विचारता.

आणि आपल्याकडचं काम आपण कुणाच्या पत्रकाची वाट न बघता करू. शिवडीला आमच्या खोलीवर दर रविवारी संध्याकाळी सातला आठ-दहा जण जमतो. अर्धा तास केसरबाई किंवा अब्दुल करीमखाँ, मग वामनदादा, मग ज्याला जे सुचेल ते. ऐकताना ज्याला जिथं 'वा' म्हणावंसं वाटेल तिथं त्यानं म्हणावं. मागच्या रविवारी बेस्टच्या डेपोतला एक पोरगा आला होता, त्यानं दरबारी ऐकता ऐकता टेबलावर हलगीचा ठेका धरला आणि कुणीही मान वळवली नाही. ज्याच्याकडे मोठा स्पीकर असेल त्यानं घेऊन या. आमच्या फोनवर डग्गा ऐकू येत नाही.